हिला थंडी वाजत नाही

गुलाबभाई कुठल्याही यंत्राला पहिला हात लावायचा तो उलटा. तळहात नाही, हाताची मागची बाजू. वीज असली तर उलटा हात झटक्याने मागे येतो, सुलटा चिकटून बसतो, असं तो सांगायचा. पण सवय त्याला इतकी जडली होती की चहाचा कप, भाकरी, पाण्याचा हंडा, तापाने फणफणलेल्या पोरीचं कपाळ, सगळ्याला तो आधी उलटा हात लावायचा. आमच्या वसतिगृहात तो पहिल्यांदा आला तेव्हा माझ्या चुल्हाणाच्या भिंतीला त्याने असाच हात लावला आणि विचारलं, "मावशी, ही भित दिवसभर गरम ऱ्हाती का?"

मी म्हटलं, राहते की.

"म्हंजी तुमी भित तापिवता. पानी उरलंसुरलं तापतं."

मला राग आला. मी तेव्हा अठरा वर्षं तिथे पाणी तापवत होते आणि कुणी मला शिकवायला आलं नव्हतं. मी त्याला सांगितलं, तू फ्रीज दुरुस्त करायला आलास ना, तो आत आहे, तिकडे जा. तो गेला. जाताना हसला. त्याचा पुढचा एक दात अर्धा होता.

आमचं वसतिगृह अकोले तालुक्यात, धरणाच्या पाण्याच्या कडेला, डोंगराच्या पोटात आहे. सव्वाशे पोरी तिथे राहून शिकतात. थंडीत त्या बाजूला पहाटे बोटं वाकत नाहीत. माझं काम एवढंच, की पहाटे उठून दोन मोठ्या कढया पेटवायच्या आणि पोरींना अंघोळीला पाणी काढून द्यायचं. लाकूड डोंगरावरून यायचं. दिवसाला आठ-दहा मोळ्या जळायच्या. मी लागले तेव्हा मोळीवाल्या बाया वसतिगृहाच्या मागूनच लाकूड आणायच्या. पुढे पुढे त्यांना वरच्या कड्यापर्यंत जावं लागायचं. सुकं लाकूड संपलं तेव्हा ऐनाची ओली झाडं आली, मग हिरडासुद्धा आला. हिरड्याचं झाड तोडायचं नसतं, त्याच्या फळांवर इथल्या बायकांचं मीठमिरचीचं भागतं. पण पोरींना अंघोळ तर हवी. ओलं लाकूड जळत नाही, धुमसतं. त्या धुरात माझे डोळे गेले. अगदी गेले नाहीत. उजव्याने माणूस दिसतो, डाव्याने माणूस आहे एवढं कळतं.

गुलाबभाई सुप्याचा. तिकडे कारखान्यांची वसाहत आहे, तिथल्या एका थंड यंत्रांच्या दुकानासाठी तो काम करायचा. जिल्ह्यातल्या दूधकेंद्रांची थंड करायची यंत्रं तो दुरुस्त करत फिरायचा, मोटारसायकलवर, मागे पत्र्याची पेटी बांधून. त्या दिवशी फ्रीजच्या कामाला उशीर झाला म्हणून तो आमच्याकडेच मुक्कामाला राहिला. पहाटे मी कढया पेटवल्या तेव्हा हा येऊन बसला. त्याने खिशातून ऊब मोजायची पाऱ्याची नळी काढली आणि प्रत्येक पोरीच्या बादलीत बुडवून बघायला लागला. पोरी खिदळायला लागल्या. मी म्हटलं, बायकांच्या अंघोळीच्या जागी तुझं काय काम? तो म्हणाला, आत येत नाही, बादल्या बाहेर भरतायत तेवढ्याच बघतो.

पहिल्या बादल्या कढत निघायच्या. त्या मोठ्या पोरी घ्यायच्या, पुढे घुसून. मग मी कढईत गार पाणी ओतत जायची आणि जाळ काही तेवढा वाढायचा नाही. शेवटी ज्या दहा-पंधरा राहायच्या त्या लहान, पहिली-दुसरीतल्या. त्यांना मिळायचं ते कोमट म्हणायला लाज वाटावी असं. शेवटच्या पोरीच्या बादलीत त्याने नळी घातली नाही. हाताची मागची बाजू बुडवली आणि तिच्याकडे बघितलं. मग नळी पुसून खिशात ठेवली.

"हे रोज असं?"

"रोज."

"ही लहानी रोज शेवटी?"

मी म्हटलं, लहान माणूस सगळीकडे शेवटीच असतो. तो उठून कढईखालचा जाळ बघत बसला. गप्प बसणं त्याला जमायचं, आणि ते फार थोड्या माणसांना जमतं.

दोन महिन्यांनी तो परत आला तो एक खूळ डोक्यात घेऊन. हीट पंप नावाचं यंत्र बसवायचं. बाहेरच्या हवेतली ऊब ओढून घेते आणि पाण्यात सोडते, असं तो सांगायला लागला. मी त्याला वेड्यात काढलं. इथली हवा तू पहाटे बघितलीस ना, म्हटलं, तिच्यात कसली ऊब? त्याने मला हाताला धरून अधीक्षकबाईंच्या खोलीत नेलं, फ्रीज भिंतीपासून ओढला आणि म्हणाला, मागं हात लावा. उलटा लावा. लावला. गरम होतं.

"आत गार, मागं गरम. आतली गरमी उचलून मागं टाकली त्यानं. गरमी तयार करायची नसती मावशी, हाय ती उचलून दुसरीकडं ठिवायची. आता हा तुमचा डोंगर म्हंजी फ्रीजच्या आतली बाजू समजा."

"आणि थंडी जास्त पडली म्हणजे?"

"मग मशीनला जास्त दम लागतो. वीज जास्त खाती. मी खोटं सांगनार न्हाई. म्हनून दुपारी चालवायची, हवा उबदार असती तवा. पानी जाड टाकीत झाकून ठिवायचं, पहाटे सोडायचं."

हे मला पटलं. जनावरांच्या आंबोणाची पेज आम्हीही दुपारी शिजवून झाकून ठेवतो. यंत्र कळलं नाही, झाकून ठेवणं कळलं.

वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेच्या सेक्रेटरींना मात्र पटेना. ते संगमनेरहून महिन्यातून एकदा यायचे, पांढऱ्या गाडीतून. मी चहा घेऊन गेले तेव्हा त्यांचं बोलणं चाललं होतं. साधे विजेचे हीटर याच्या चौथ्या हिश्शात येतात, असं सेक्रेटरी म्हणत होते. गुलाबभाई म्हणाला, येतात, आज पैसे वाचतील आणि दर महिन्याचं बिल रडवील. ही महाग आहे, पण तेवढंच पाणी तापवायला तिसरा हिस्सा वीज घेते. उन्हावरचं घ्या, असं कुणी म्हणालं. छपरावर आधीच्या उन्हाच्या यंत्राच्या नळ्या पडल्या होत्या, माकडांनी फोडलेल्या, त्या त्याने दाखवल्या. मग सेक्रेटरी म्हणाले, जाऊ द्या, लाकूड फुकट आहे.

गुलाबभाईने त्यांना ओसरीवर आणलं आणि मागचा डोंगर दाखवला. खालपासून अर्ध्यापर्यंत नुसती खुंटं.

"साहेब, फुकट हुतं."

माझ्या डोळ्यांबद्दल तो काही बोलला नाही, ते बरं केलं. माझ्या डोळ्यांवर कुणाची दया घ्यायला मी उभी नव्हते. पुण्याच्या एका देणगीदाराने अर्धे पैसे दिले, अर्धे संस्थेने घातले, आणि सेक्रेटरींनी एक अट घातली. दोन हिवाळे बघू. चाललं तर संस्थेच्या बाकीच्या तीन वसतिगृहांतही गुलाबभाईनेच बसवायचं. नाही चाललं तर पुन्हा कढया.

गुलाबभाईला ते तीन वसतिगृहांचं काम फार हवं होतं. ते मिळालं तर दुकानदार त्याला कायम करणार होता. त्याची मुलगी नर्सिंगला होती. मोटारसायकलवर फिरून त्याची कंबर गेली होती. हे त्याने एकदाच सांगितलं, भाकरी खाताना, आणि पुन्हा काढलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मशीन बसली. स्नानघराच्या मागे ओट्यावर, उघड्यावर, कपाटाएवढी, पुढे जाळी आणि जाळीमागे पंखा. सुरू केली की भुंग्यासारखी गुणगुणायची आणि पुढून गार हवा फेकायची. सुट्टी संपवून पोरी आल्या. पहिल्या दिवशी शेवटच्या पोरीची बादली भरली तेव्हा तिच्यातून वाफ येत होती. गुलाबभाई उभा होता. त्याने हात लावला, उलटा, आणि मला म्हणाला, "लावा तुमीबी." लावला. मी काही रडले नाही. पण त्या दिवशी मी कढया घासून पालथ्या घातल्या.

पालथ्या घातल्या तेव्हा ध्यानात आलं की आपलं कामही पालथं पडलं. सेक्रेटरी म्हणालेच, आता ठकूबाईला कशाला ठेवायचं? मी रोजंदारीवर होते, साठी उलटलेली, घरी एक शेळी आणि मी. तेव्हा गुलाबभाई मध्ये पडला. मशीनवर लक्ष ठेवायला माणूस लागतो, म्हणाला. मागे हवा ओढणारे पातळ पत्रे असतात, त्यांत पाला-धूळ बसते, ती रोज झाडावी लागते, टाकीचा काटा बघावा लागतो. नाहीतर हमी माझी नाही. ते सगळं खरं होतं. पण त्याला एवढं जोर लावून सांगायची गरज नव्हती. माझं काम राहिलं.

तो दर दोन महिन्यांनी यायचा. मी ओट्याखाली माझी गोधडी अंथरायची आणि तो तिच्यावर बसून जेवायचा. ती गोधडी माझ्या दोन लुगड्यांची होती, एक हिरवं, एक लाल, मीच शिवलेली. जेवताना तो मशीनविषयीच बोलायचा. समोर काही ठेवू नका, तिच्यावर धुणं वाळत घालू नका, तिला मोकळं सोडा. मी म्हणायची, तुझ्या लेकीचंही एवढं कौतुक करत नसशील. तो म्हणायचा, "लेक बोलती मावशी, काय दुखतं ते सांगती. हिचं आपल्यालाच वळखावं लागतं."

पहिला हिवाळा सौम्य गेला. उन्हाळ्यात पोरी मशीनसमोर गार वाऱ्याला उभ्या राहायच्या आणि मी त्यांना हाकलायची. मागच्या खुंटांना पावसात धुमारे फुटले. मोळीवाल्या बाया मात्र माझ्यावर चिडल्या होत्या, त्यांचा रोज बुडाला. तेही लिहिलं पाहिजे. एकाचं भलं झालं की दुसऱ्याच्या ताटातलं काहीतरी जातंच.

दुसऱ्या हिवाळ्यात मात्र हिव पडलं. जानेवारीत सकाळी गवत पांढरं दिसायला लागलं, अळवाची पानं काळी पडली. सव्वीस जानेवारीला सेक्रेटरी पाहुणे घेऊन मशीन बघायला येणार होते. ती दाखवून बाकीच्या तीन वसतिगृहांचं पक्कं करायचं, असं ठरलं होतं. दुपारचं पाणी पुरेना म्हणून त्या आठवड्यात मशीन संध्याकाळनंतरही चालू ठेवत होते. पंचवीस तारखेला दिवेलागणीला मी मागचे पत्रे झाडायला गेले तर त्यांच्यावर बर्फ बसला होता. पांढरा, दाट. मशीन कण्हल्यासारखा आवाज करत होती.

आमच्याकडे हिव पडलं की जनावरावर गोणपाट टाकतात. वासरू असो, शेळी असो, पाठीवर गोणपाट आणि पोटाखालून दोरी. न टाकणाऱ्याला लोक नावं ठेवतात. मी माझ्या शेळीवर टाकून आले होते. मला वाटलं, ही गारठली. उद्या पाहुण्यांसमोर बंद पडली तर गुलाबभाईचं काम जाईल आणि माझ्या नशिबी पुन्हा कढया येतील. मोकळं सोडा, हे त्याने सांगितलेलं मला आठवत होतं. पण ते एरवीचं, असं मी ठरवलं. अंगावर बर्फ आलेल्याला कुणी मोकळं सोडतं का? मी घरून गोधडी आणली, मशीनवर चारी बाजूंनी पांघरली आणि सुंभाने आवळून बांधली. मला बरं वाटलं, हेही सांगते.

पहाटे मशीन गप्प होती. गोधडीची उसवलेली किनार जाळीतून आत सरकून पंख्याला गुंडाळली होती. पातं मोडलं होतं, मोटर जळाल्याचा वास येत होता. टाकीत गार पाणी. मी गोधडी ओढून काढली. एक पट्टी आतच फाटून राहिली, ती निघेना. गोधडी घरी नेऊन पेटीखाली दडवली आणि परत येऊन अधीक्षकबाईंना सांगितलं, मशीन बंद पडली.

त्या दिवशी पोरींनी बर्फासारख्या पाण्याने हातपाय धुतले आणि झेंड्याला उभ्या राहिल्या. सेक्रेटरी पाहुण्यांसमोर ओशाळले आणि मग चिडले. फोन करून गुलाबभाईला बोलावलं. तो दुसऱ्या दिवशी दुपारी पोचला, सुप्याहून मोटारसायकलवर, तोंडाला मफलर गुंडाळलेला, ओठ निळे. सेक्रेटरी त्याच्यासाठी थांबले होते. अधीक्षकबाई, स्वयंपाकीण, शिपाई, आम्ही सगळे ओट्याभोवती उभे. त्याने आधी उलटा हात लावला, सवयीने. मग जाळी खोलली, वाकला, बोटं आत घातली आणि पट्टी बाहेर काढली.

अर्धी हिरवी, अर्धी लाल.

तो त्या गोधडीवर किती वेळा बसून जेवला होता ते मोजून सांगता येणार नाही. त्याने पट्टी मुठीत धरली. माझ्याकडे बघितलं नाही. मूठ खिशात गेली आणि रिकामी बाहेर आली.

सेक्रेटरींनी विचारलं, काय झालं?

"जाळी बारीक लावायला पायजे हुती, साहेब. पाला आत गेला. चूक माझी."

सेक्रेटरी त्याला जे बोलले ते मी लिहीत नाही. थंडीचं यंत्र म्हणून विकलंत आणि थंडीत बंद, हा त्यातला साधा भाग. बाकीच्या तीन वसतिगृहांचं विसरा, असं शेवटी म्हणाले. गुलाबभाई हात मागे बांधून ऐकत होता. मी चार हातांवर उभी होते. तोंड उघडलं असतं तर त्याचं काम वाचलं असतं आणि माझं गेलं असतं. लक्ष ठेवायला ठेवलेल्या बाईनेच गळा आवळला, मग तिला कोण ठेवतो? मी तोंड उघडलं नाही. भीती वाटली असं म्हणायला सोपं आहे. मी विचार केला आणि मग गप्प बसले. त्यात फरक आहे.

नवी मोटर त्याने स्वतःच्या खिशातून घातली. मशीन पुन्हा सुरू झाली, पैसे गुंतले होते म्हणून राहिली. त्या वेळी तो माझ्याकडे जेवला नाही. थांबला असता तर मी कशावर बसवलं असतं, कोण जाणे.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर तो आला. हातात पत्र्याची पाटी होती, पांढरा रंग देऊन वर काळ्या अक्षरांत स्वतः लिहिलेली. मशीनच्या वर भिंतीला ठोकली आणि मला म्हणाला, वाचा. मी चौथी शिकलेली आहे, वाचता येतं. लिहिलं होतं: हिला थंडी वाजत नाही. पांघरू नये.

मी ती दोनदा वाचली. मग विचारलं, "त्या दिवशी बोलला का नाहीस?"

तो पेटी आवरत होता. म्हणाला, "बर्फाचं तुमाला सांगायचं ऱ्हायलं हुतं. पत्र्यावर बर्फ बसतो, मग ती थोडा टाइम उलटी फिरती आन् आपली आपन वितळिवती. पैल्या साली हिव पडलं न्हाई, मी इसरलो. जाळीचं मी खोटं बोललो. चूक माझी हे खोटं न्हाई."

"तुझी तीन वसतिगृहं गेली."

"गेली." लोखंडी पाने एकेक करून पेटीत ठेवत तो म्हणाला, "मला कुटंबी काम मिळंल मावशी. तुमाला या वयात कोन देनार?"

मी म्हटलं, सेक्रेटरी आले की मी सांगते. तो म्हणाला, बघा तुमचं तुम्ही. सेक्रेटरी जुलैत आले. मी सांगितलं नाही. पुढच्या वेळी सांगू म्हटलं. पुढच्या वेळीही नाही.

डिसेंबरात मशीन तपासायला दुसराच माणूस आला, तरुण, कानात फोन. मी विचारलं, गुलाबभाई? तो म्हणाला, तुम्हाला माहीत नाही? ते गेले. श्रावणात, पुणतांब्याला, दूधकेंद्राच्या छपरावर काम करताना छातीत दुखायला लागलं. खाली उतरले, पाणी मागितलं आणि गेले. चार महिने झाले होते. दोन महिन्यांनी तो आला नाही तेव्हा कामात अडकला असेल, असं मी धरलं होतं. चार महिने मी रोज पत्रे झाडताना म्हणत होते, या वेळी आला की त्याच्यासमोरच सेक्रेटरींना सांगते.

मी सुप्याला गेले. अकोल्याहून संगमनेर, संगमनेरहून नगर, नगरहून सुपा, तीन एस. टी. बदलून. घर विचारत विचारत सापडलं. त्याची बायको रशिदाभाभी दारात तांदूळ निवडत होती. मी नाव सांगितलं तसं तिने तांदळातून मान वर केली.

"गोधडीवाली मावशी का?"

त्याने घरी सगळं सांगितलं होतं. लेक सुट्टीवर आली की तो तिला ती गोष्ट सांगायचा, म्हणाली, आमची मावशी मशीनला गोधडी घालते म्हणून. लेक पोट धरून हसायची. मी जे पेटीखाली दडवलं होतं ते त्या घरात हसण्यावारी नेलेलं होतं. मला क्षणभर हलकं वाटलं. मग ती तांदूळ पाखडता पाखडता म्हणाली, "पन ते काम गेलं आन् घरी आले, त्या दिवशी काई हसले न्हाईत. दोन दिस जेवले न्हाईत नीट. दुकानदारानं कायम केलं न्हाई. मंग छपरावर चढनं काई सुटलं न्हाई."

तिने हे रागाने सांगितलं नाही. विचारलं नाही तरी सांगितलं एवढंच. मला चहा दिला. मी कपाला हात लावला तो उलटा. तिने ते बघितलं आणि आत निघून गेली, बराच वेळ बाहेर आली नाही. मी चहा पिऊन उठले.

त्या सव्वीस जानेवारीला सेक्रेटरी पुन्हा पाहुणे घेऊन आले. मशीन तेव्हा तीन हिवाळ्यांची झाली होती आणि नीट चालत होती. मागच्या डोंगरावर खुंटांचे धुमारे माणसाच्या उंचीचे झाले होते, ते सेक्रेटरी पाहुण्यांना स्वतःच लावल्यासारखे दाखवत होते. एका पाहुण्याबाईने पाटी वाचली आणि हसल्या. म्हणाल्या, मशीनला कोण पांघरतं? पोरीही हसल्या. सेक्रेटरी म्हणाले, बसवणारा जरा तसाच होता, त्याच्याच चुकीने एकदा बंद पडलं होतं.

मी झाडू खाली ठेवला आणि म्हटलं, "मी पांघरलं होतं."

पोरी हसायच्या थांबल्या. मी गोधडीपासून पट्टीपर्यंत सगळं सांगितलं. त्याने खिशात घातलं तेही. सेक्रेटरींनी विचारलं, तेव्हा का नाही बोललात? मी म्हटलं, तेव्हा मला काम हवं होतं. ते म्हणाले, आता सांगून काय उपयोग, माणूस गेला. मी म्हटलं, तीन वसतिगृहं आहेत ना अजून, तिथे तरी बसवा, मशीन खोटी नव्हती. बघू, म्हणाले. मार्चपासून मला येऊ नका म्हणून सांगितलं. ते बरोबरच केलं. आता पत्रे एक तरुण बाई झाडते. मी तिला बर्फाचं सांगितलं आहे, दोनदा.

आता मी घरीच असते. गोधडीची फाटकी किनार शिवली नाही. संस्थेचं एक वसतिगृह आमच्या समोरच आहे, धरणाच्या पाण्यापलीकडे, त्या तीनपैकी एक. तिथे अजून बघूच चाललं आहे. सकाळी मी शेळी सोडायला बाहेर येते तेव्हा पाण्यावर धुकं असतं आणि धुक्याच्या वर, पलीकडच्या डोंगराच्या पायथ्याशी, धुराची जाड रेघ उभी असते. ओल्या लाकडाचा धूर मला एका डोळ्यानेही ओळखू येतो. तिथे पाणी कोण तापवतं, मला माहीत नाही. बाईच असणार. तिच्या रांगेत शेवटी कोण उभी असते, ते मात्र मला माहीत आहे. तो धूर माझा आहे.